सिरियल कन्व्हर्टरमधील संदेश-कमांड सदोष पाठवली जात असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

भोसरी औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात तयार मालाच्या वजनकाट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा भाग) नेटवर्कला जोडण्यासाठी आम्ही आपल्या कंपनीचा सिरियल-इथरनेट कन्व्हर्टर (सिरियल केबलवरची माहिती संगणक-नेटवर्कवर नेणारे उपकरण) खरेदी केला. त्याने ठरावीक वेळाने स्वतःहून कमांड पाठवावी आणि काट्याकडून आलेले वजन सर्व्हरवर पोहोचवावे, एवढीच अपेक्षा होती. माहितीपत्रकात हीच सोय ठळकपणे छापलेली असल्याने हे मॉडेल निवडले होते. हे काम अद्याप एकदाही झालेले नाही.

आमच्या इंडिकेटरला 'पी' हे अक्षर आणि त्यामागोमाग कॅरेज रिटर्न (कमांड संपल्याची खूण असलेले, न दिसणारे चिन्ह), म्हणजे हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकलेखनात) ५० आणि ०डी, मिळाल्याशिवाय तो उत्तर देत नाही. कन्व्हर्टरच्या सेटिंग पानावरील संदेशाच्या रकान्यात बॅकस्लॅश (\) आणि 'आर' टाइप केल्यास उपकरण त्या जागी कॅरेज रिटर्न पाठवते, असे आपल्या मॅन्युअलमध्ये लिहिले आहे. प्रत्यक्षात कन्व्हर्टरच्या पाठवणाऱ्या तारेवर लॅपटॉप लावून पाहिले असता ५०, ५सी, ७२ असे तीन बाइट बाहेर पडताना दिसले. ५सी म्हणजे बॅकस्लॅश आणि ७२ म्हणजे 'आर'; याचा अर्थ उपकरण ती दोन चिन्हे जशीच्या तशी पाठवते आणि इंडिकेटर कमांड संपण्याची वाट पाहत राहतो. रकान्यात एंटर दाबावे, तर पानच सेव्ह होते. विशेष म्हणजे त्याच पानावर, येणाऱ्या मजकुराचे शेवटचे चिन्ह ठरवण्याच्या रकान्यात हेक्स मूल्य देता येते. मग पाठवायच्या संदेशाला ती सोय का नसावी?

आपल्या सेवा केंद्राकडून मात्र दर वेळी नवे प्रतिनिधी बोलतात आणि वायरिंग व बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) तपासायला सांगतात. तीच केबल आणि तीच सेटिंग (९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) ठेवून लॅपटॉपवरून कमांड पाठवली की वजन लगेच येते. शिवाय बॉड रेट चुकला असता, तर कन्व्हर्टरचे बाइट इतके स्वच्छ वाचताच आले नसते. एका प्रतिनिधीने इंडिकेटरचीच सेटिंग बदलण्याचा सल्ला दिला. तो इंडिकेटर वैध मापन शास्त्र यंत्रणेने पडताळून सील केलेला आहे. आपल्या उपकरणातील दोषापायी आम्ही त्याला हात लावणार नाही.

या अवधीत काट्यावरचा आकडा कामगार चलनावर हाताने लिहितात आणि तोच कार्यालयात पुन्हा टाइप केला जातो. एखादा अंक इकडचा तिकडे झाला, तर ग्राहकाचे बिलच चुकते. नेमका हाच धोका टाळण्यासाठी आम्ही हा खर्च केला होता.

तरी संदेशात कॅरेज रिटर्न व इतर नियंत्रण-चिन्हे पाठवू शकणारे सुधारित फर्मवेअर (उपकरणातील अंतर्गत सॉफ्टवेअर) आणि दुरुस्त मॅन्युअल हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावे, आणि आमच्या काट्यावर चाचणी घेण्यासाठी जाणकार अभियंता पाठवावा. हे शक्य नसल्यास उपकरण परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. यापुढील उत्तर लेखी द्यावे, ही विनंती.

आपला,
देखभाल विभागप्रमुख
भोसरी, पुणे

सोबत : खरेदी बिलाची प्रत, हेक्स नोंदींची छापील प्रत, सेटिंग पानाचे छायाचित्र