मिस्त्रीकाका, आई पाण्यात उतरल्या

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, पण नात वाचून दाखवेल असं धरून लिहितेय. आणि असं चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम. तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय वहिनी" म्हणून तंबाखू मळायला घेता आणि विषय तिथेच संपतो.

काल संध्याकाळी आई तुम्ही बांधलेल्या स्विमिंग पुलात उतरल्या. कुणाचा हात न धरता, कठड्याच्या आधाराने, एकेक पायरी. पाणी छातीशी आलं तशा थांबल्या आणि म्हणाल्या, "गुडघे कुठे गेले गं माझे?" मी काठावर टॉवेल घेऊन उभी होते. मला हसू येत होतं की रडू, ते अजून नक्की सांगता येत नाही.

फिजिओथेरपीवाल्या ताई केव्हापासून सांगत होत्या की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी गुडघ्यांवर शरीराचं जेमतेम निम्मं वजन येतं, छातीपर्यंत गेलं की त्याहून कमी. तेव्हा आईंना पाण्यात चालवा. सांगायला सोपं. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला लाटांत उभं कोण करणार? त्यात आम्ही दोन खोल्या पाहुण्यांना देतो. मुंबई-पुण्याहून फोन करणारा माणूस हल्ली जेवणाचं विचारायच्या आधी पूल आहे का ते विचारतो. मागची वाडी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने भुईसपाट केली, तेव्हापासून तिथला एक तुकडा उघडाबोडका पडला होता. म्हटलं, एकात दोन कामं होतील.

मग पूल बांधायला जे आले ते तुम्हाला माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांनाही कळू दे. पहिले साहेब लॅपटॉप घेऊन आले. निळे दिवे, धबधबा, पाण्यात बसून सरबत प्यायचे ओटे, सगळं स्क्रीनवर गोल गोल फिरवून दाखवलं. आईंनी चहा आणून ठेवला, तर "आजी, बघा कसं दिसणार" म्हणून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांचा आणि आईंचा संबंध तेवढाच. ऐन मे महिन्यात ट्रकवरून फायबरचा तयार पूल आला, खड्ड्यात बसला आणि "बाकीचं पावसानंतर" म्हणून मंडळी गेली. पहिल्या मोठ्या पावसात जमिनीतलं पाणी चढलं आणि तो रिकामा पूल एका कोपऱ्यातून उचलला गेला. पाइप तुटले. फोन केला तर म्हणे तुमच्या जमिनीतच प्रॉब्लेम आहे. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या जमिनीत नारळ-सुपारी पिकतेय, तिला पहिल्यांदाच कुणी असं बोललं. दुसऱ्यांनी ॲडव्हान्स घेतला, खडी टाकली आणि फोन उचलायचं बंद केलं. खडी मात्र चांगली होती. तुम्हीच नंतर वापरलीत.

तुम्ही आलात आणि टेप न काढता थेट विहिरीवर गेलात. वाकून आत बघितलंत आणि विचारलंत, "श्रावणात पाणी कुठवर चढतं?" शेवाळाची रेघ मी दाखवली. काठापासून जेमतेम दोन-अडीच हात खाली. त्यावर तुम्ही म्हणालात, "वहिनी, रिकामी कळशी विहिरीत दाबून बघा, राहते का खाली? टाकीचं तसंच आहे. काँक्रीटची केली तरी रिकामी ठेवलीत तर खालचं पाणी उचलणार." लॅपटॉपवाल्यांना जे कळलं नव्हतं ते विहिरीच्या रहाटाला टेकून दोन वाक्यांत सांगून झालं. तळाशी खडीचा थर, बाजूला पाणी उपसायला उभा पाइप, तळात आतल्या बाजूला उघडणारा व्हॉल्व्ह, आणि पावसाळ्यात पूल कधीही रिकामा करायचा नाही ही तंबी. सत्तावीस हजार लिटर पाणी म्हणजे सत्तावीस टन वजन, तेच टाकीला खाली धरून ठेवतं. परवानग्यांची आणि पाइपांची रामकथा इथे सांगत बसत नाही.

त्यानंतर तुम्ही जे विचारलंत, खरं तर त्याच्यासाठी हे पत्र आहे. "पाण्यात उतरणार कोण?"

इतक्या जणांनी इतकं काही विचारलं होतं. टाइल कुठली, दिवे कुठले, बजेट किती. हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, पाहुण्यांची पोरं उतरतील, आम्ही उतरू, आणि मुख्य म्हणजे आई. तुम्ही म्हणालात, "मग आजींना बोलवा."

मागच्या पडवीत तुम्ही विटेवर वीट ठेवलीत आणि आईंना म्हणालात, "आजी, जरा पाय ठेवा यावर." आई आमच्या भिडस्त. "जमतंय हो" म्हणत म्हणत त्यांनी भिंत धरली. तुम्ही उकिडवे बसला होता, आणि त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हता. पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठा विटेच्या कडेला घासत वर गेला. तुम्ही न बोलता वरची वीट काढलीत. आता नुसत्या एका विटेवर पाय सहज पडला. मग फरशीचे तुकडे शोधून आणलेत, एक चढवलात, परत पाय ठेवायला लावलात, दुसरा चढवलात. साडेचार इंचांवर आईंचा पाय भिंतीला हात न लावता पडला, तशी कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारलीत. मग पाइपचा तुकडा आडवा धरून "आजी, हात सैल सोडा" म्हणालात, आणि हात आपसूक जिथे टेकला तिथे दुसरी रेघ. पायऱ्या त्या रेघेने झाल्या, कठडा या रेघेने.

एवढ्या बुटक्या पायऱ्या म्हणजे चोवीस फुटी टाकीची निम्मी बाजू त्यांनीच खाल्ली. आमच्या ह्यांनी कुरकुर केली, की पोहायला जागा कमी पडेल. तुम्ही म्हणालात, "पोहायला समुद्र आहे की." ह्यांना इतक्या थोड्या शब्दांत गप्प करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

बाकीची आठवण काढायची तर किती काढू. कठड्याला दुकानदार ३०४ चं स्टील गळ्यात मारत होता. खाऱ्या वाऱ्यात ते गंजतं म्हणून ३१६ च पाहिजे, यावर तुम्ही अडून बसलात, आणि फरकाचे पैसे माझ्याकडे मागताना उगाच ओशाळलात. टाइल लावायच्या आधी टाकी भरून पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवलीत. बादलीत जेवढं उतरेल ते उन्हाने गेलं, टाकीत त्याहून जास्त उतरलं तर गळती. सकाळी आल्या आल्या चपला काढून आधी बादलीतली आणि टाकीतली पाण्याची खूण बघायचात, मग चहा. ओळखीतल्या एका वाडीत पुलाचं पाणी रोज खाली जातंय आणि त्यांचा ठेकेदार अजून उन्हाकडे बोट दाखवतोय. त्यांना मी बादली द्यायला तयार आहे.

हे लिहिताना आमची मासेवाली आठवली. टोपली उतरवायच्या आधीच सांगते, "आज नको घेऊस, कालचं आहे." आणि आमच्या एसटीचा तो कंडक्टर, जो आई सीटवर टेकेपर्यंत घंटीच्या दोरीला हात लावत नाही. यांना कुणी ट्रेनिंग दिलेलं नाही, यांच्या नावाची पाटी कुठे लागत नाही. समोरच्याला काय होईल एवढं त्यांच्या डोक्यात आधी येतं, बस. ज्यांनी आम्हाला चकचकीत कार्डं दिली त्यांच्या डोक्यात ते आलं नाही, आणि पैसे मात्र त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त सांगितले होते. हा हिशेब माझ्याच्याने अजून सुटत नाही.

तुमची मजुरी चुकती झाली, त्याबद्दल तुम्ही काही ऐकून घेणार नाही. पण आईंनी निरोप दिलाय. घावनं आणि नारळाचा रस करणार आहेत, नातीला घेऊन या. येताना रंधा आणा. पंपाच्या खोलीचं दार पावसाने फुगलंय आणि लागता लागत नाही. ते सुताराचं काम आहे हे मला ठाऊक आहे, पण सुतार "उद्या येतो" म्हणालाय.

तुमची,
वाडीतली वहिनी