साठे सरांनी तीन चकरा मारून पेट्रोल संपवलं, हे कृपया परत छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

७ ऑगस्टच्या अंकात आतल्या पानावर कॅप्टन दीपक साठेंच्या, म्हणजे २०२० मध्ये त्याच तारखेला केरळात कोझिकोडला अपघात झालेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाच्या पायलटच्या, आठवणीची छोटी चौकट दिली होती, फोटो युनिफॉर्ममधला होता, छान वाटलं, आपल्या नागपूरशी नातं असलेल्या माणसाला कोणीतरी लक्षात ठेवतंय. पण खाली मजकुरात तेच, जे २०२० पासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, की कोझिकोडला त्यांनी तीन चकरा मारून विमानातलं पेट्रोल संपवलं आणि मगच विमान टेकवलं, म्हणून आग लागली नाही. अहो, ते विमान बोइंग ७३७, त्याला हवेत इंधन सोडून द्यायची सोयच नसते, आणि तीन चकरांत टाकी रिकामी व्हायला ती काय लुना आहे का.

मी एअरफोर्समधून सार्जंट म्हणून रिटायर झालो, ट्रेड सेफ्टी इक्विपमेंट, सोप्या भाषेत पॅराशूटची घडी घालणारा. साठे सरांना मी कधी भेटलेलो नाही, उगाच ओळख सांगत नाही. पण ते ज्या मिग-२१ वर उडले त्या मिगांची टेल शूट्स मी तेजपूरला वर्षानुवर्षं पॅक केली. मिग इतक्या जोरात टेकतो की नुसत्या ब्रेकवर भागत नाही, शेपटीतून शूट उघडतं आणि विमानाला मागून ओढून धरतं. मग पायलट ते धावपट्टीच्या टोकाला टाकून देतो आणि आमच्यातले दोघं गाडी घेऊन ते उचलायला जातात. आसामच्या पावसात भिजलेलं शूट म्हणजे ओल्या गोधडीसारखं जड, दोऱ्यांत चिखल आणि गवत अडकलेलं, ते वर टांगून सुकवायचं, एकेक दोरी हाताखालून सरकवून बघायची, परत घडी. ओल्या धावपट्टीवर विमान थांबवणं काय असतं हे मला तिथे कळलं, कॉकपिटात न बसताही. पॅसेंजर विमानाला असलं शूट नसतं. चाकाचे ब्रेक, पंखावरचे स्पॉयलर, इंजिनाचा रिव्हर्स आणि पुढे शिल्लक असेल तेवढी धावपट्टी, एवढ्यावरच सगळं.

त्या संध्याकाळचं अधिकृत तपास अहवालात आलंय ते असं. कोविडमुळे दुबईत अडकलेल्यांना घेऊन वंदे भारत मोहिमेचं विमान, प्रवासी आणि क्रू मिळून १९० जण. धो धो पाऊस. पहिला प्रयत्न धावपट्टीच्या २८ नंबरच्या टोकाकडून, कॅप्टनच्या काचेवरचा वायपर थोडा वेळ चालून बंद पडला, तो प्रयत्न सोडून विमान परत वर नेलं. मग दुसऱ्या टोकाकडून, १० नंबरच्या बाजूने आले, आता वारा पाठीमागून होता. धावपट्टी २७०० मीटर, पण चाकं टेकली तोपर्यंत जवळजवळ निम्मी मागे गेलेली. उजवीकडे बसलेल्या को-पायलटने, अखिलेश कुमार यांनी, त्याच्या आधीच गो-अराउंड म्हटलं होतं, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. ते ऐकलं गेलं नाही. टेबलटॉप विमानतळ तो, टोकाच्या पलीकडे सरळ उतार. विमान खाली जाऊन तुटलं, २१ जण गेले, दोन्ही पायलट त्यातच. आग लागली नाही हे मात्र खरं, आणि विमानतळाजवळच्या कोंडोट्टीचे लोक भर पावसात, कोविड असून, जखमींना मिळेल त्या गाडीत घालून दवाखान्यात नेत होते हेही खरं.

२०२१ मध्ये हा अहवाल आला आणि तोपर्यंत हिरो हिरो करणारे आमच्या सोसायटीतलेच काही लोक एकदम पलटले, चूक पायलटचीच होती म्हणे, कशाला सलाम करायचा. मला दोन्ही वेळा राग आला. चूक झाली, नियमाप्रमाणे वर घ्यायला हवं होतं, हे अहवालात स्पष्ट आहे आणि मला मान्य आहे. पण त्या ओळीच्या मागे माणूस कोण होता तेही बघा ना. वडील फौजेत अधिकारी, भाऊही फौजेत, तो अपघातात गेला. खडकवासल्याची एनडीए, मग एअरफोर्स अकॅडमीत सर्वोत्तम कॅडेटला मिळणारी सोर्ड ऑफ ऑनर, १९८१ ला कमिशन, गोल्डन अ‍ॅरोज स्क्वाड्रन, टेस्ट पायलट. मध्ये एका हवाई अपघातात डोक्याला जबर मार, कित्येक महिने हॉस्पिटल, आणि त्यानंतर परत मेडिकल पास करून कॉकपिटात. आमच्याकडे असं झालेले बहुतेक जण पुढे ऑफिसच्या खुर्चीवर दिसतात, त्यांना कोणी नावं ठेवत नाही. निवृत्तीनंतर एअर इंडिया, मग एअर इंडिया एक्सप्रेस, सगळं मिळून उड्डाणाचे दहा हजारांवर तास. म्हणजे हवाई दलाच्या पेन्शनवर नागपुरात आरामात बसायचं सोडून हा माणूस साठीला आला तरी रात्री-अपरात्री गल्फमधल्या कामगारांना घरी पोचवत होता. दुसऱ्या दिवशी आईचा वाढदिवस होता, ८४ वा.

एक माझं मत, चुकीचं असेल तर जाणकारांनी सांगावं. फायटरमध्ये माणूस एकटा असतो. शिडी चढून बसला, आम्ही पट्टे आवळले, कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण, बंद झाली की निर्णय त्याचा एकट्याचा, आणि तसंच त्याला घडवलेलं असतं. एअरलाइनमध्ये शेजारी दुसरा बसलेला असतो तो ‘सर, नको’ म्हणायलाच. हवाई दलातून आलेले शेकडो पायलट हे शिकतात आणि उत्तम उडवतात, साठे सरांनीही सतरा-अठरा वर्षं उडवलंच की. पण कॅप्टन आणि को-पायलट यांच्यात अधिकाराचं अंतर किती, यावर तपासणाऱ्यांनी बोट ठेवलंय. आपली चकरांची गोष्ट छापली की हा मुद्दाच गायब होतो, आणि अखिलेश कुमारांनी शेवटच्या काही सेकंदांत तोंडातून काढलेला तो शब्दही.

पुढच्या ७ ऑगस्टला चौकट जरूर द्या. फोटो दोघांचाही द्या, अखिलेश ३२ वर्षांचे होते. आणि पेट्रोल हा शब्द काढा, जेट विमानात ते घालतच नाहीत.

आपला,
एक निवृत्त सार्जंट, नागपूर