गव्हाण अजून रिकामी आहे

८ डिसेंबर २०२५

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम नमस्कार.

काल आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांचा, दुसरा रविवार झाला. संध्याकाळी दुसरी मेणबत्ती पेटवून प्रार्थना झाली, मुले झोपली आणि घर शांत झाल्यावर तुमची फार आठवण आली. फोनवर आपले बोलणे रोज होते हे खरे. पण फोन बहुतेक वेळ मुलांच्या हाती असतो आणि आजी-आजोबांना चित्रे दाखवून त्यांचे समाधान होईपर्यंत बाबांची औषधाची वेळ झालेली असते. तेव्हा जे सविस्तर सांगायचे आहे, ते सावकाश लिहूनच कळवावे असे ठरवले.

गेल्या वर्षी आमच्या घरचा नाताळ कसा झाला, हे मी तुम्हाला नीट सांगितलेच नव्हते, कारण सांगण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते. नोव्हेंबरच्या मध्यालाच झाड उभे राहिले, दिवे लागले, येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाण पूर्ण मांडून झाली आणि भेटवस्तूही दोन हप्त्यांत उघडून संपल्या. २५ डिसेंबरच्या दुपारी थोरली माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आता पुढे काय?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता कंटाळा होता, आणि तो मला तक्रारीपेक्षा जास्त लागला. आपण सण महिनाभर आधीच वापरून टाकला आणि प्रत्यक्ष त्या दिवसासाठी काहीच शिल्लक ठेवले नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले. तुमच्या घरात २४ तारखेच्या रात्रीपर्यंत काहीच 'पुरे' होत नसे. गव्हाण असे पण बाळ नसे, झाड असे पण दिवे नसत. लहानपणी मला तो निव्वळ कडकपणा वाटत असे, आणि इतर मुलांच्या घरी सगळे कसे लखलखते आहे, याचा हेवाही वाटत असे. यंदा मी तुमचाच क्रम परत आणला आहे. थोडे फेरफार मात्र केले आहेत, आणि त्यांपैकी एक आईला कदाचित आवडणार नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

सुरुवात खडूपासून केली. नाताळपर्यंतचे दिवस मोजायला रोज एक खिडकी उघडण्याच्या छापील दिनदर्शिका बाजारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या आरंभी, म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांच्यासारख्या मुद्रकांमुळे; त्याआधी जर्मनीतल्या घरांत दारावर खडूने २४ रेघा ओढीत आणि मुले रोज एक रेघ पुसत. मला ही जुनी रीत अधिक पसंत पडली, कारण पुठ्ठ्याच्या खिडकीमागे रोज काहीतरी मिळते, तर रेघ पुसली की एक दिवस कमी होतो, एवढेच. आमच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही २५ रेघा काढल्या. छापील दिनदर्शिका सहसा १ डिसेंबरला सुरू होते. आगमनकाळ मात्र नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होत असल्याने त्याची लांबी दरवर्षी बदलते. नाताळ सोमवारी आला तर तो जेमतेम २२ दिवसांचा होतो, रविवारी आला तर पुरा २८ दिवसांचा. यंदा तो ३० नोव्हेंबरला सुरू झाला. हा हिशेब थोरलीने बोटांवर करून पाहिला आणि मगच मान्य केला. बाबा, ती तुमच्यावर गेली आहे. चार रविवारांच्या रेघा लांब आणि बाकीच्या आखूड, हेही तिनेच ठरवले.

गेल्या बुधवारी मी स्वयंपाकघरात असताना धाकटा ओला हात घेऊन दाराशी गेला आणि एका फटक्यात सात-आठ रेघा पुसून मोकळा झाला. मी पोहोचले तेव्हा दारावर पांढुरके पाणी ओघळत होते आणि तो अत्यंत प्रसन्न मुद्रेने उभा होता. आपण नाताळ एका आठवड्याने जवळ आणला, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. थोरलीने कॅलेंडर आणले, तारखा मोजल्या आणि एकेक रेघ परत काढायला घेतली, तेव्हा त्याने जो आक्रोश केला तो शेजाऱ्यांनी ऐकला असणार. त्याला समजावण्याचा मी बराच प्रयत्न केला. पण चार वर्षांच्या मुलाला 'दिवस आपल्या हाताने पुसले जात नाहीत' हे पटवून देणे माझ्याच्याने झाले नाही. शेवटी तो रडून रडून झोपला. दुसऱ्या दिवशी मात्र कोरड्या बोटाने एकच रेघ पुसून त्याने माझ्याकडे पाहिले, तेव्हा काही न बोलता मी मान डोलावली.

पानांचे कडे आणि त्यातल्या चार मेणबत्त्या तुम्हाला फोनवर दिसल्याच आहेत. त्याला पुष्पचक्र म्हणणे माझ्या जिवावर येते, कारण तो शब्द ऐकला की श्रद्धांजलीच आठवते. म्हणून आम्ही सरळ 'कडे' म्हणतो. बाबा, तुम्ही ही रीत फार प्राचीन आहे असे सांगत असा. मी वाचले त्यावरून ती तेवढी जुनी नाही आणि मूळची आपल्या कॅथलिकांचीही नाही. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ साली गाडीच्या चाकासारख्या लाकडी कड्यावर मेणबत्त्या लावल्या, त्या अशासाठी की नाताळला किती दिवस उरले हे विचारून विचारून मुलांनी त्यांना भंडावून सोडले होते. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या २० लहान तांबड्या, अशा त्या वर्षी २४ मेणबत्त्या लागल्या. आपल्या चर्चमध्ये हे कडे विसाव्या शतकातच रुळले. हे वाचून मला उलट बरे वाटले. ज्या रिवाजाला आपण गंभीर परंपरा समजत होतो, तो मुलांच्या भुणभुणीला कंटाळलेल्या एका माणसाने काढलेला उपाय होता.

आमच्या कड्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती आहे. गुलाबी येत्या रविवारची, 'आनंद करा' या संत पौलाच्या वचनावरून ओळखल्या जाणाऱ्या तिसऱ्या रविवारची. ती आजच पेटवावी असा धाकट्याचा हट्ट रोज संध्याकाळी नव्याने सुरू होतो. पेटवण्याचा क्रम बदलायचा नाही, यावर थोरली ठाम आहे. पहिली मेणबत्ती सर्वांत जास्त वेळा जळते, त्यामुळे चौथ्या रविवारी चारही मिळून पायऱ्या तयार झाल्या पाहिजेत, असे तिचे म्हणणे आहे. प्रार्थनेला आम्ही पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेत नाही. आई, तुला हे कमी वाटेल. परंतु सहाव्या मिनिटाला धाकटा मेणात बोट बुडवतो, हा अनुभव आहे. प्रार्थना संपल्यावर मेणबत्त्या कोणी विझवायच्या यावरून भांडण होते, म्हणून एक दिवस एकाचा, एक दिवस दुसऱ्याचा, असा पायंडा पाडला आहे.

आता काड्यांबद्दल. दिवसभरात एखादे चांगले काम केले की गव्हाणीत गवताची एक काडी ठेवायची, म्हणजे येणाऱ्या बाळाला मऊ अंथरूण मिळेल, ही रीत तू आम्हाला लावलीस. रीत सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु आपल्याकडे दादाच्या काड्या डाव्या बाजूला आणि माझ्या उजव्या बाजूला असत, आणि २४ तारखेच्या संध्याकाळी तू त्या मोजत असस. तू आम्हाला कधी रागावली नाहीस, हे मला पुरते आठवते. मात्र मोजून झाल्यावर ज्याच्या कमी निघत, त्याच्याकडे तू जे पाहत असस, ते पुरेसे असे. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका रात्री उठून दादाच्या बाजूच्या काड्या काढून माझ्या बाजूला ठेवल्या. किती, ते आता सांगता येणार नाही. त्या वर्षी माझ्या जास्त भरल्या आणि तू माझी पाठ थोपटलीस. दादाने काही म्हटले नाही. त्याला कळले होते की नाही, हे मी आजपर्यंत त्याला विचारलेले नाही. बाळ येशूच्या अंथरुणासाठी मी चोरी केली, ही गोष्ट इतक्या वर्षांनी तुम्हाला प्रथमच सांगते आहे. दोष तुझा नव्हता, आई. पण मोजणी नसती तर चोरीही झाली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

म्हणून आमच्या घरी गवताची एकच जुडी आहे. ज्याने त्याने कोणी पाहत नसताना काडी ठेवायची, कशासाठी ठेवली हे सांगायचे नाही आणि कोणी विचारायचेही नाही. मोजणी नाही. नियम आम्हा मोठ्यांनाही लागू आहे, आणि खरे सांगते, ऑफिसातून दमून आल्यावर काडी ठेवण्याजोगे दिवसभरात आपण काय केले, हे आठवताना माझी स्वतःची पंचाईत होते. परवा धाकट्याने मूठभर गवत एकदम आणून टाकले. एवढी चांगली कामे एका दिवसात कुठून झाली, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण नियम माझाच असल्यामुळे गप्प बसले. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "एवढ्याशा गवतात त्याला लाकूड टोचेल." मी ते गवत तसेच राहू दिले.

गव्हाणीच्या देखाव्यावरून प्रश्नांची सरबत्ती चालू आहे. थोरलीने लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय स्वतः वाचून काढला आणि त्यात बैल आणि गाढव कुठे आहेत, असे विचारले. ते तिथे नाहीतच. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाचे ठाण, असे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे, तिथून ते गव्हाणीजवळ आले. आणि संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो या गावी जिवंत बैल, गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण मांडून नाताळची मिस्सा, म्हणजे उपासना, करविली, तेव्हापासून तर ते कायमचेच ठरले. मग ती मत्तयाच्या शुभवर्तमानाकडे वळली आणि बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीनच होते असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, भेटी तेवढ्या तीन आहेत, हेही तिने शोधून काढले. आमचे तिघे ज्ञानी सध्या फ्रिजवर आहेत. ते रोज थोडे थोडे पुढे सरकतात आणि ६ जानेवारीला गव्हाणीपाशी पोहोचतील. फ्रिजवरून पुस्तकांच्या कपाटावर जाताना मध्ये जो वाळवंटी प्रवास आहे तो कसा पार पाडायचा, यावर दोघांचा गंभीर विचारविनिमय चालू आहे.

सांताक्लॉजबद्दल मी थोडक्यात उरकले. ६ डिसेंबरला मायराचे बिशप संत निकोलस यांची गोष्ट सांगितली. गरीब बापाच्या तीन मुलींसाठी रात्री गुपचूप सोने टाकून जाणारा माणूस मुलांना लाल डगल्यातल्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त आवडला, असे दिसते. तो खरेच येतो का, असे धाकट्याने विचारले, तेव्हा 'तो फार पूर्वी होऊन गेला, आता त्याचे काम आपण करतो' एवढे सांगितले. खोटे बोलणे मला जमले नसते.

बाबा, १७ तारखेपासून, येणाऱ्या ख्रिस्ताला 'ओ' म्हणून हाक मारणारी ती सात पालुपदे आम्ही रोज रात्री एकेक म्हणणार आहोत. त्यांतल्या संबोधनांची लॅटिन आद्याक्षरे उलटी वाचली की 'उद्या मी असेन' असे शब्द निघतात, हे कोडे तुम्ही मला पाटीवर लिहून सोडवून दाखवले होते. ते यंदा तुम्हीच फोनवरून थोरलीला घालावे, मी मुद्दाम काही सांगितलेले नाही. आणि २४ तारखेच्या रात्री, तुमची प्रकृती ठीक असेल तर, लूकचा तो अध्याय तुम्ही वाचावा. फोन आम्ही गव्हाणीशेजारी ठेवू आणि तुमचे वाचन चालू असतानाच बाळ आत ठेवले जाईल. दम लागला तर मध्ये थांबावे, उरलेले आई वाचेल.

राहता राहिले ते बाळ. आई, ३० तारखेला मी ती मूर्ती एका मोज्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि आपण फार हुशारी केली असे समजत होते. तीनच दिवसांत थोरली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ते कुठे आहे मला ठाऊक आहे, पण मी त्याला सांगणार नाही." तिने शब्द पाळला आहे, धाकटा मात्र रोज खुर्ची ओढत घरभर हिंडतो आहे आणि कपाटापर्यंत त्याची खुर्ची केव्हाही पोहोचेल. दादाने आणि मी तुमच्या घराचा कोपरान् कोपरा धुंडाळला होता, गाद्या उलथल्या होत्या, धान्याच्या डब्यांत हात घातले होते. तरी तुझे ते बाळ आम्हाला एकाही वर्षी सापडले नाही. तू ते ठेवत तरी कुठे होतीस? यंदा मला सांगच. फोनवर मात्र बोलू नकोस, धाकट्याचे कान तिखट आहेत. दोन ओळी लिहून पाठव.

तुमची,
मुलगी