अर्पणपत्रिकेतले ‘सदाचारी लोक’ म्हणजे एकटे लिंकन नव्हेत

मा. संपादक,
स. न.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केले, हे आपल्या रविवारच्या लेखात आले, याचा आनंद वाटला. पण त्या लोकांपैकी नाव घेतले ते फक्त लिंकन यांचे. गुलामगिरीविरुद्ध झगडणारे अमेरिकी काँग्रेसमधले पुढारी थॅडियस स्टीव्हन्स राहूनच गेले.

व्हरमाँटमध्ये १७९२ साली जन्म, एक पाय जन्मतः अधू. वडील घर सोडून गेलेले. आईने राबून शिकवले. पुढे पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला वकिली. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवले, त्यामुळे मला त्यांचे १८३५ सालचे भाषण सर्वांत मोठे वाटते. सरकारी मोफत शाळांचा कायदा नुकताच झाला होता आणि करदाते खवळले होते. राज्याच्या सिनेटने कायदा मोडीत काढला होता, खालचे सभागृहही त्याच वाटेवर होते. त्या सभागृहाचे सदस्य असलेले स्टीव्हन्स उठले. गुन्हेगारांच्या शिक्षेसाठी मुकाट्याने कर भरता, मग माणूस गुन्हेगारच होऊ नये म्हणून लागणाऱ्या पैशाला का कुरकुरता, असा त्यांचा सवाल होता. सभागृह फिरले, शाळा वाचल्या.

त्यांना देव्हाऱ्यात बसवा, असे मी म्हणत नाही. चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीने स्वातंत्र्य मागितले, तेव्हा हेच वकील मालकाच्या बाजूने उभे राहिले आणि १८२१ मध्ये खटला जिंकलेही. अशिलाचे काम म्हणून ते सोडून द्यावे, हे मला पटत नाही. मात्र १८३८ मध्ये काळ्यांचा मताधिकार काढून घेणाऱ्या राज्याच्या घटनेवर त्यांनी सही केली नाही. यादवी युद्धात त्यांचा लोखंडाचा कारखाना गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेने जाळला. अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीमागे जे झटले, त्यांत ते अग्रभागी होते. आपल्या घटनेच्या चौदाव्या कलमातले ‘कायद्याचे समान संरक्षण’ तिथूनच आले आहे.

आणखी एक. बंडखोर मळेवाल्यांच्या जमिनी जप्त करून मुक्त गुलामांच्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर द्यावेत, असे विधेयक त्यांनी १८६७ मध्ये मांडले. ते मंजूर झाले नाही. पुढच्याच वर्षी ते वारले. शेतकऱ्यांच्या दैन्यावर आसूड ओढणाऱ्या जोतीरावांवरील लेखात या चाळीस एकरांना चार ओळी तरी मिळायला हव्या होत्या.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, वाई