बाबा, पत्ता तोच नाहीये

कॉटनवूड, ॲरिझोना
२६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही किती खुश होता, की १५ तारखेपासून अमेरिकेचं टपाल परत सुरू झालं, आता उशिरा का होईना फराळाचं पार्सल जातंय बघ, आणि मग विचारलंत, पत्ता तोच ना गं? मी म्हटलं हो बाबा, तोच.

खोटं बोलले. न्यू जर्सीतलं एडिसनचं घर मी सप्टेंबरात विकलं. ऑगस्टपासून टपाल बंद होतं म्हणून माझं फावलं होतं, कोणी पत्ता विचारतच नव्हतं. पण आयुष्यभर टपाल खात्यात काढलेल्या माणसाला पत्ता खोटा सांगितला याचं इतकं वाईट वाटलं की त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणून हे पत्र. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. त्याला महिनाभर सगळं माहितीय पण त्याला काही बोलू नका, मीच शपथ घातली होती. आणि पूर्ण वाचून झाल्याशिवाय फोन करायचा नाही. आई, तुला सांगतेय.

आई, त्या दिवशी व्हिडिओवर म्हणालीस ना, पडदे नवीन घेतलेस का, निळे छान दिसतायत? ते पडदे घरातले नव्हते, गाडीतले होते. मी आता गाडीत राहते. गाडीत म्हणजे कारमध्ये नाही गं, मोटरहोम, इथे आरव्ही म्हणतात. बाबा, २०११ ला नायगाऱ्याला जाताना तुम्ही विचारलं होतंत की एवढी मोठी बस आणि आत म्हातारा-म्हातारी दोघंच कसे, तीच ती. माझी त्यातली लहान आहे, पंचवीस फुटांची, सेकंडहँड, पण घ्यायच्या आधी मेकॅनिककडून तपासून घेतली. कर्ज एक डॉलरचं नाही. घराचे पैसे आले त्यातले गाडीला गेले ते सोडून बाकी सगळे बँकेत ठेवलेत, हात लावलेला नाही.

का केलं ते सांगते. चार बेडरूमचं घर, त्यात मी एकटी. चिरंजीव सिॲटलला, तो थँक्सगिव्हिंगला चार दिवस येणार आणि त्यातले दोन झोपून काढणार. वर्षाला अकरा हजार डॉलर नुसता प्रॉपर्टी टॅक्स, न्यू जर्सीसारखा टॅक्स अख्ख्या अमेरिकेत कुठे नाही, शिवाय छप्पर करायला आलेलं, बॉयलर गेलेला. गेल्या जानेवारीत बर्फ काढताना पाठ धरली तेव्हा तीन दिवस जिना चढता येईना, सोफ्यावरच झोपत होते, हे तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं. काम माझं लॅपटॉपवरच आहे, कुठूनही करता येतं, ऑफिसला विचारून घेतलंय, नोकरी सोडलेली नाही. इन्शुरन्ससाठी तरी ती सोडून चालणार नाही, पासष्टीपर्यंत सरकारी मेडिकेअर मिळत नाही इथे.

ही सगळी कारणं खरी आहेत, पण बाबा, तुम्ही वाचता वाचता म्हणणार की मग लहान फ्लॅट घ्यायचा होतास. बघितले. तीन बघितले. तिन्ही ठिकाणी खिडकीत उभी राहिले आणि वाटलं की इथे मी फक्त वाट बघत बसणार, कशाची ते माहीत नाही. नवरा गेल्यापासून पाच वर्षं तेच तर केलं.

आणि खरं सांगू का, हे वेड तुमच्याकडूनच आलंय. मिरज आर.एम.एस. मध्ये, रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, तुम्ही किती वर्षं चालत्या डब्यात रात्री काढल्यात ते आठवा. मी सहा-सात वर्षांची असेन, आई मला मिरजेला घेऊन आली होती तुमचा डबा द्यायला, आणि तुम्ही मला उचलून मेल व्हॅनच्या दारात उभं केलंत. ते लाकडी खण, प्रत्येकावर गावाचं नाव, पिवळा दिवा, गोणपाटाच्या बॅगा, लाखेचा वास. एका कोपऱ्यात स्टोव्ह आणि तुमची वळकटी. मला वाटलं होतं बाबांचं हे दुसरं घर आहे, किती छान, आणि ते रात्री निघून पुण्याला जातं. घरी येताना रडले होते की मला पण त्या घरात राहायचंय. आई, तू दोन धपाटे दिले होतेस, आठवतंय? आता इथे ओट्याच्या वर छोटे छोटे कप्पे आहेत, दार लावलं की खटका बसतो, कारण नाही बसला तर वळणावर सगळे डबे अंगावर. पहिल्याच दिवशी पोह्यांचा डबा उघडला होता, मेरीलँडपर्यंत गाडीभर पोहे.

जेवणाचं विचारशील. दोन बर्नरची शेगडी आहे, गॅस सिलिंडरसारखाच, प्रोपेन. तीन लिटरचा कुकर आहे. फ्रिज आहे. तुझा कांदा-लसूण मसाला दोन बरण्या उरलाय, जपून वापरते. रोज वरण-भात किंवा भाकरी, खरंच रोज. भाकरीचा धूर झाला की अलार्म ओरडतो, मग एका हाताने टॉवेलने वारा घालायचा आणि दुसऱ्या हाताने भाकरी उलटायची. कुकरची शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या गाडीतली आजी बाहेर येऊन विचारत होती सगळं ठीक आहे ना. तिला आमटी दिली. दुसऱ्या दिवशी ती वाटी परत द्यायला आली, रिकामी नाही, ॲपल पाय घालून. म्हणजे तुझ्या पद्धतीत बसतं की नाही?

झोपायला कायमचा पलंग आहे, घडी घालायचा नाही, त्यावर आजीच्या नऊवारीची गोधडी. हीटर आहे. पाण्याची टाकी दीडशे लिटरची. वर सोलर, खाली लिथियम बॅटरी, त्यामुळे लाइटची काळजी नाही, सांगलीत जाते त्यापेक्षा कमी जाते. बाप्पाची मूर्ती ओट्याच्या कोपऱ्यात आहे, पायाखाली डबल टेप लावलाय, चूक झाली असेल तर त्याने माफ करावं पण टेकडीवरून उतरताना पडण्यापेक्षा बरं. दिवाळीत पणत्या बाहेर पायरीवर लावल्या, आत नाही.

संडासाचं बाबा विचारणार हे मला माहितीय. गाडीतच आहे, स्वच्छ आहे, खाली वेगळी टाकी असते आणि पाच-सहा दिवसांनी ठरलेल्या जागी नेऊन जाड पाइप लावून रिकामी करायची, ग्लोव्हज घालून. काम घाण आहे, दहा मिनिटांचं आहे. आई, त्यानंतर मी डोक्यावरून अंघोळ करते, तेवढं तरी समाधान मान.

आता भीतीचं. एकटी बाई, रात्री, कुठेतरी. मी कुठेतरी थांबत नाही. इथल्या लोकांचा एक नियम आहे तीन-तीन-तीनचा, दिवसात तीनशे मैलांपेक्षा जास्त चालवायचं नाही, दुपारी तीनच्या आत पोचायचं, आणि पोचलं की निदान तीन दिवस हलायचं नाही. मी तर दोनशे मैलांवरच थांबते, कारण एवढी मोठी गाडी चालवून खांदे भरून येतात. दादाच्या आणि चिरंजीवाच्या फोनवर माझं लोकेशन चोवीस तास दिसतं. गॅस गळला तर वेगळा अलार्म, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. जागा आवडली नाही तर सरळ किल्ली फिरवायची आणि निघायचं, हे घरात करता येत होतं का सांगा. असे लोक हजारो आहेत हो इथे, त्यांचा एक क्लब १९७८ पासून चालू आहे, टेक्सासला त्यांची अशी जागा आहे जिथे म्हातारे झालेले लोक आपापल्या गाडीतच राहतात आणि जेवणखाण, डॉक्टरकडे नेणं सगळं क्लबवाले बघतात. मी मेंबर झालेय. लगेच तिथे जायचं नाहीये, उगाच घाबरू नका.

आत्ता आहे ती जागा स्टेट पार्क आहे, गेटवर माणूस असतो. नाव डेड हॉर्स रँच आहे पण नावावर जाऊ नका. शेजारून व्हर्डे नदी वाहते, झाडं पिवळी पडायला लागलीयत, सकाळी बगळे येतात. हरिपूरच्या संगमावर जायचो ना पेरू खायला, तशी शांतता, फक्त पेरू नाहीत. आणि आई, गाडी मी उंचावर लावलीय. सांगलीची आहे मी, नदीकाठी थांबायचं म्हटलं की आधी चढ कुठे आहे ते बघते.

२०१९ च्या पुराचा विषय काढणार नव्हते, पण काढतेच. त्या ऑगस्टात मी एडिसनला रात्रभर फोन घेऊन आयर्विन पुलाचं पाणी बघत बसले होते, ५५ फूट, ५६, मग ५७ च्या वर, आणि तुमचे दोघांचे फोन बंद. चार बेडरूमच्या घरात बसून मी काय केलं? काही नाही. तेव्हापासून तुम्हाला वाटतं की पोरीचं तरी घर पक्कं आहे, लांब आहे पण पक्कं आहे. ते मी विकलं म्हणून तुमच्या पोटात खड्डा पडणार, मला कळतं. पण बोटीतून बाहेर काढल्यावर विश्रामबागला मावशीकडे आईने दुसऱ्या दिवशी काय केलं होतं? खिडकीत चहा, साखर, मीठ तीन डबे मांडले आणि म्हणाली, चला, झाली सोय. दादाने सांगितलं मला. मी तेच करतेय, आणखी काही नाही.

बरं, आता नीट ऐका.

बाबा, हयातीचा दाखला. ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, तुम्ही अजून दिलेला नाही. पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन करून देतो, तुमच्याच खात्याचा माणूस आहे, लाजायचं काय त्यात? बँकेत जाऊन रांगेत उभं राहायचं नाही. रक्त पातळ होण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारायचं. गच्चीवर टाकी बघायला चढायचं नाही. फोनवर कोणी पोलीस म्हणून बोलला, सीबीआय म्हणून बोलला, तर फोन ठेवायचा आणि दादाला लावायचा. ओटीपी कोणालाही नाही, मलाही नाही. रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात घातलं त्याचं दुःख आता पुरे, बीपी वाढतं तुमचं.

आई, गुडघ्याचे व्यायाम. वहिनी सांगते की तू तिच्यासमोर करतेस आणि ती गेली की टीव्ही लावतेस. बाथरूममधला तो दांडा बसवून घे, पैसे मी पाठवलेत, ते तू नातीच्या ड्रेसला वापरलेस हेही मला कळलंय. साखर तपासलीस की आकडा खरा सांग. आणि रोज भात नको. ओरडतेय असं वाटेल, वाटू दे. इथे रात्री एकदम शांत होतं ना, तेव्हा तुझ्या खोकल्याचा आवाज आठवतो, लहानपणी माजघरातून यायचा, आणि मला कळायचं की आई जागी आहे, मग झोप लागायची.

तुमच्याकडे यायचं काही बदललेलं नाही. फेब्रुवारीत येतेय, तिकीट काढलंय, पाच आठवडे, गाडी इथे भाड्याच्या जागेत लावून. उलट आता घराला कुलूप, पाइप गोठतील का ही भानगड नाही, काही झालं तर दोन दिवसांत निघू शकते. फोन रोज. ॲरिझोनात घड्याळ उन्हाळा-हिवाळा बदलत नाही, साडेबारा तासांचा फरक कायम. माझे संध्याकाळचे सात म्हणजे तुमचे सकाळचे साडेसात, चहाच्या वेळेला बरोबर. बाबा, तुम्ही कायम विचारता ना तिकडे आत्ता किती वाजले, आता सोपं आहे, तुमच्या घड्याळातून अर्धा तास कमी करा आणि सकाळची संध्याकाळ करा.

राहिला पत्ता. बाबा, मी बेपत्ता नाही झालेले. कायमचा पत्ता साऊथ डकोटाचा आहे, तिथे एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून लायसन्ससुद्धा काढलं. पत्रं तिथे एका ऑफिसात जमा होतात, ते पाकिटांचे फोटो पाठवतात, मी सांगते हे फाडा, हे पुढे पाठवा. म्हणजे माझं पण सॉर्टिंग होतं. पण फराळ तिथे पाठवू नका, फिरून येईपर्यंत चकल्यांचा भुगा होईल.

तुम्हाला पोस्ट रेस्टांत, म्हणजे टपाल पोस्टातच ठेवून घ्यायचं, हे समजावून सांगायची गरज नाही, तुम्हीच मला शिकवलं होतंत. इथे त्याला जनरल डिलिव्हरी म्हणतात. माझं नाव, खाली जनरल डिलिव्हरी, खाली कॉटनवूड, ॲरिझोना, झिप ८६३२६. मी ओळखपत्र दाखवून घेऊन येते. नेहमी पंधरा दिवस ठेवतात, जास्तीत जास्त तीस, म्हणून ‘तीस दिवस ठेवा’ असं पाकिटावर लिहा. या पार्कात चौदा दिवसांच्या वर राहू देत नाहीत पण मी जवळपासच असणार, डिसेंबरपर्यंत या गावाच्या पोस्टात चक्कर मारत राहीन.

तुमचं ते ठरलेलं वाक्य आहे ना, की ही आणि पिनकोड एकाच वर्षीचे, १९७२ चे, वेलणकर साहेबांनी तिकडे पिन काढला आणि आम्ही इकडे चिमी आणली. पाहुण्यांना सांगून सांगून आईचा जीव घेतला तुम्ही. तर चिमीचा आकडा थोडे दिवस बदलत राहील. डायरीत पेन्सिलने लिहा. सांगलीचा ४१६४१६ शाईने लिहिलेलाच आहे.

पार्सलमध्ये कडबोळी जास्त घाल गं आई, लाडू कमी. आणि थोडं भडंग, शेजारच्या आजीला द्यायचंय.

तुमची
चिमी

ता. क. बाबा, पत्ता तुमच्याच हाताने लिहा, दादाला प्रिंट काढू देऊ नका. पोस्टाच्या खिडकीतल्या बाईला तुमचं अक्षर दाखवायचंय.