डिस्चार्ज कार्डावर बुरशीचे पूर्ण नाव लिहा

संपादक महोदय,

कॅन्डिडा ऑरिसची बातमी आली की मथळ्यात ‘गूढ बुरशी’ ठरलेलीच. २००९ साली जपानमध्ये एका वृद्धेच्या कानात ही यीस्ट (एकपेशीय बुरशी) सापडली. ‘ऑरिस’ म्हणजे लॅटिनमध्ये कान. दिल्लीतल्या रुग्णांच्या रक्तात ती मिळाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, २०१७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) सूचना काढल्या आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला सर्वांत गंभीर गटात टाकले. म्हणजे माहिती पुरेशी आहे. तरीही घोडबंदर रस्त्यावरच्या आयसीयूतून रुग्ण वाशीच्या आयसीयूत जातो, तेव्हा त्याच्या कागदांवर हे नाव नसते. असलेच तर ‘यीस्ट ग्रोन’ (यीस्ट वाढली) किंवा ‘कॅन्डिडा स्पीशीज’ (कॅन्डिडाची कुठलीतरी जात).

‘स्पीशीज’ या शब्दावर उपचार ठरत नाहीत. कॅन्डिडा अल्बिकन्स ही जात बहुधा फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला दाद देते, कॅन्डिडा क्रुसाय निसर्गतःच देत नाही आणि ऑरिसचे दहापैकी नऊ नमुने त्याला जुमानत नाहीत. अम्फोटेरिसिन या दुसऱ्या औषधालाही काही नमुने रेझिस्टंट निघतात. म्हणून ऑरिसवर पहिली निवड कॅस्पोफंजिनच्या गटाची. कॅस्पोफंजिन असेल तर पहिल्या दिवशी ७० मिलिग्रॅम, पुढे रोज ५०. यकृताचा आजार असेल तर मात्रा डॉक्टर कमी करतात. हे औषध लघवीत आणि डोळ्यात नीट पोचत नाही, तेव्हा संसर्ग तिथे असेल तर वेगळा विचार करावा लागतो. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) शक्य तितक्या लवकर काढायची, दिवसाआड तरी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) पाठवायचे आणि पहिले निगेटिव्ह कल्चर आले की तिथून १४ दिवस मोजायचे. औषध सुरू केल्याच्या तारखेपासून मोजून बंद करणे ही नेहमीची चूक. रक्तात यीस्ट मिळाली तर ‘कंटॅमिनेशन (नमुन्यात बाहेरून मिसळलेली) असेल’ म्हणून सोडून देणे ही त्याहून मोठी.

नाव न मिळण्यात लॅबचाही वाटा आहे. जुने सॉफ्टवेअर असलेली स्वयंचलित यंत्रे ऑरिसला ‘कॅन्डिडा हेमुलोनी’ म्हणतात. हे नाव आले की नमुना माल्डी-टॉफ (जंतूच्या प्रथिनांवरून जात ओळखणारे यंत्र) असलेल्या लॅबकडे पाठवावा. शिवाय बाटलीत रक्तच २-३ मिली घातलेले असते. मोठ्या माणसाचे प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली हवे, तेही दोन वेगवेगळ्या शिरांतून. इतके करूनही खोलवरच्या कॅन्डिडा संसर्गापैकी निम्मेच कल्चरमध्ये सापडतात. कमी रक्तात तर आशाच नको.

आता वॉर्डात. बीपीचा पट्टा पाहा. एका बेडवरून सुटतो, पुढच्या हातावर बसतो आणि मध्ये कोणी पुसलाच तर सुवासिक जंतुनाशकाच्या बोळ्याने. ती द्रावणे बहुतेक क्वाटर्नरी अमोनियम या रसायनांची असतात आणि ऑरिसवर त्यांचा भरवसा नाही. प्लास्टिकवर ही यीस्ट दोन आठवडे सहज जगते. ऑक्सफर्डच्या एका आयसीयूत साथ पसरली, ती काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमान-प्रोबमधून. प्रोब बंद केल्यावरच आटोक्यात आली.

इथे हायपोच (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचे द्रावण) लागतो. डबा ५ टक्क्यांचा असेल तर २०० मिली हायपो घेऊन पाणी घालत एकूण १० लिटर करायचे, म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार) मिळते. डबा १० टक्क्यांचा असेल तर १०० मिली पुरे. आधी साबणपाण्याने मळ आणि रक्त काढायचे, नाहीतर क्लोरीन त्यातच संपतो. मग पृष्ठभाग १० मिनिटे ओला राहिला पाहिजे. एसीखाली तो दोन-तीन मिनिटांत वाळतो, तेव्हा फडके पुन्हा फिरवावे लागते. मावशींना हे कोणी सांगत नाही आणि मग खापर त्यांच्यावर फुटते. खिडकीत उन्हात ठेवलेल्या डब्याची ताकद लेबलावर असते तेवढी राहत नाही. द्रावण रोज ताजे करावे, टॉयलेटच्या अ‍ॅसिडमध्ये चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो. हातांसाठी अल्कोहोलचे हँडरब चालते. एकाच ग्लोव्हजवर चार बेड करणे चालत नाही.

नाव लिहिले जात नाही याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. लिहिले की पुढचे रुग्णालय ‘बेड नाही’ म्हणते, डायलिसिस सेंटर खुर्ची देत नाही. हे थांबायला हवे. अशा रुग्णाला वेगळी खोली, नसेल तर कोपऱ्यातला बेड, स्वतःचा पट्टा-स्टेथो-थर्मामीटर आणि डायलिसिसला पाळीतली शेवटची वेळ एवढे द्यावे लागते. धडधाकट नातेवाइकाला त्याच्यापासून फारसा धोका नाही, हात धुतले म्हणजे झाले. काखेत-जांघेत ही यीस्ट महिनोन्‌महिने राहू शकते, म्हणून जुना रिपोर्टही लपवून उपयोग नाही.

नर्सिंग होमची नोंदणी महापालिकांकडे असते. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी रेफरल चिठ्ठीत एक रकाना सक्तीचा करावा : यीस्टचे पूर्ण नाव, नमुना रक्ताचा की त्वचेचा, तारीख, लाइन कधी काढली, औषध कोणते, कितवा दिवस. सोबत पुढच्या आयसीयूचा फोन नंबर लॅबकडे द्यावा. यीस्ट वाढून नाव कळायला बऱ्याचदा तीन-चार दिवस जातात आणि तोवर रुग्ण खाडीपलीकडे पोचलेला असतो. तो रिपोर्ट आज जुन्या रुग्णालयाच्या फाइलला लागतो.

– सूक्ष्मजीवशास्त्र व संसर्ग नियंत्रण विभागातील काही कर्मचारी, ठाणे