शेवटची सही कुठं आहे?

बंगळुरू
रविवार, रात्री साडेदहा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दुपारी फोनवर आवाज चढवला, त्याबद्दल आधी माफी मागते. बाबा म्हणत होते, ‘नेट बंद पडलंय.’ मी विचारत होते, ‘वायफाय दिसतंय का?’ बाबांचं उत्तर, ‘तेच सांगतोय ना, नेट बंद आहे!’ यात पाऊण तास गेला. आणि शेवटी निघालं काय, तर आईनं मिक्सर लावायला राउटरची पिन काढली होती. ‘मी फक्त चटणी वाटली,’ हे तिचं मागून आलेलं वाक्य अजून कानात आहे.

फोन ठेवल्यावर विचार केला, तर चूक माझीच होती. मी तुम्हाला माझ्या ऑफिसातल्या भाषेत शिकवत होते. बाबा, आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, तुमचा जन्म गेला. अमक्याची बॅग पोचली नाही म्हणून मिरजेला ओरड झाली की तुम्ही ‘बॅग हरवली’ असं कधी म्हणायचा नाहीत. तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: ‘शेवटची सही कुठं आहे?’ म्हणजे ती कुठपर्यंत नीट गेली आणि कुणाच्या हातातून पुढं गेलीच नाही. ‘नेट बंद आहे’ म्हणणं म्हणजे ‘टपाल आलं नाही’ म्हणण्यासारखं आहे. पोस्टमन रजेवर असेल, गाडी लेट असेल, नाहीतर समोरच्यानं पत्र लिहिलंच नसेल. शब्द नीट कळले की सही शोधता येते, एवढ्यासाठीच ते शिकायचे.

सुरुवात घरापासून करते. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय म्हणजे तुमच्या मोबाइलपासून शोकेसवरच्या त्या पांढऱ्या डब्यापर्यंतचा बिनतारी रस्ता, फार तर शेवटच्या खोलीपर्यंत जाणारा. डबा तो राउटर. त्याच्या मागून जी बारीक पिवळी किंवा पांढरी वायर जाते तिच्यात केसाएवढा काचेचा तंतू असतो आणि त्यातून उजेडाची उघडझाप जाते. (म्हणून ती मुडपायची नाही, आणि आई, तिच्यावर रुमाल वाळत घालायचे नाहीत.) डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर उजेड डब्यापर्यंत पोचत नाहीय, बहुधा बाहेर कुठंतरी तार तुटलीय. मग मला फोन करू नका, कंपनीला करा. डब्याला एकही दिवा नसेल, तर मिक्सर तपासा.

डब्याच्या पलीकडं तुम्ही ज्यांना दरमहा पैसे देता ती कंपनी, आणि तिच्या पलीकडं अशाच हजारो कंपन्यांची, विद्यापीठांची, सरकारांची जाळी एकमेकांना जोडलेली. या सगळ्याला मिळून इंटरनेट म्हणायचं. त्याला एक मालक नाही, एक मुख्य ऑफिस नाही. परदेशात जाणारा माल बहुतेक उपग्रहावरून जातो असं तुम्हाला वाटतं, पण तो समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातो. त्यांतल्या कितीतरी केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतात. लंडनच्या मावशीला तू पाठवलेला गणपतीचा फोटो अशाच कुठल्यातरी केबलमधून गेला असणार, आई.

आता बाबांसाठी खास. फोटो अख्खा जात नाही. त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा साधारण दीड हजार बाइटचा. एका इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. आपल्या देवनागरीतल्या एकेका अक्षराला आणि मात्रेला सहसा तीन. दहा लाख बाइट म्हणजे एक एमबी, आणि हजार एमबी म्हणजे एक जीबी. तेव्हा तीन एमबीच्या फोटोचे झाले दोन हजार तुकडे. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर कुठून, कुठं आणि कितवा हे लिहिलेलं असतं. वाटेतला प्रत्येक राउटर फक्त पत्ता बघतो आणि पुढच्या योग्य फाट्यावर ढकलतो, आत काय आहे हे त्याचं काम नाही. दोन पॅकेटं दोन वेगळ्या वाटांनीही जातात. पलीकडं ती नंबरानं लावली जातात, आणि एखादं कमी भरलं तर तेवढंच पुन्हा मागवलं जातं. मिळालेल्या पॅकेटांची पोचपावतीसुद्धा परत येते. ही पद्धत व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ मध्ये मांडली आणि १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं तेव्हाचं जाळं तिच्यावर आलं. मला कॉलेजात हे शिकवलं तेव्हा वर्गात मी एकटीच हसत होते. चालत्या गाडीच्या डब्यात उभं राहून खणाखणांत पत्रं टाकणारे तुम्ही डोळ्यांसमोर आला होतात.

व्हिडिओ कॉलवर चिनूचं तोंड मध्येच उघडं राहतं ना, त्याचंही कारण इथंच आहे. तिथं हरवलेलं पॅकेट मागवत बसायला वेळ नसतो. उशिरा आलेलं टाकून द्यायचं आणि पुढं जायचं. फोटोचं टपाल रजिस्टर, व्हिडिओ कॉलचं साधं. (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं तेव्हा तुम्ही दिवसभर कुणाशी बोलला नव्हता, हे आईनं सांगितलंय. उदाहरण तरीही तेच ठेवते.)

पत्ता कसला असतो, तर आकड्यांचा. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात: चार आकडे, प्रत्येक शून्य ते २५५. हिशेब केला तर असे पत्ते जेमतेम ४३० कोटी होतात, आणि जगात उपकरणं त्याहून जास्त झाली. मग नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते आले, शिवाय जुन्यांत काटकसर सुरू झाली. आजोळच्या वाड्यासारखं: बाहेर पत्ता एकच, आत बिऱ्हाडं दहा. आपल्या घरातले दोन मोबाइल, टीव्ही आणि माझा जुना लॅपटॉप बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावर राहताना दिसतात, आणि आलेलं पॅकेट कुठल्या बिऱ्हाडाचं हे राउटर बघतो.

आणि हे वाचून तुम्ही पिन कोडबद्दल बोलणार, म्हणून मीच बोलते. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो आखला, १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, ते संस्कृतचे कवी होते, हे मी तुमच्याकडून शंभर वेळा ऐकलंय. ४१६४१० मधला ४ म्हणजे पश्चिम विभाग, ४१६ म्हटलं की कोल्हापूरकडचा सॉर्टिंग जिल्हा, शेवटचं ४१० म्हणजे आपलं मिरज. तुम्हाला माहीत नसलेली गंमत ही, की सामान्य माणसाला भारतात इंटरनेट मिळायला लागलं ते विदेश संचार निगमकडून, १५ ऑगस्ट १९९५ ला. तारीख तीच, मध्ये तेवीस वर्षं.

आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून वेबसाइटला नाव असतं. नाव सांगितलं की त्याचा आकडा शोधून देणारी एक यंत्रणा आहे, तिला डीएनएस म्हणतात. तासगावचं पत्र कुठल्या खणात, हे कागद न बघता सांगणारे तुमचे ते जुने हेड सॉर्टर असायचे ना, तेच हे. आणि ज्या खिडकीतून आपण वेबसाइट बघतो तो ब्राउझर. आई, गूगल म्हणजे इंटरनेट नव्हे. गूगल हा चौकातला माहितगार आहे, पत्ता विचारायचा माणूस. त्यानं दाखवलेलं पहिलं दुकान बऱ्याचदा जाहिरातीचं असतं, तिथं बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. बँकेचा ग्राहक सेवा नंबर त्याला विचारून कधीही फोन करायचा नाही. नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागं असतो, तो घ्यायचा.

बाबा, नोव्हेंबरात हयातीचा दाखला आता तुम्हाला घरबसल्या द्यायचाय, तर एवढं पक्कं करा. पाकिटावरचा पत्ता सॉर्टर कसा वाचतो? खालून. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. माणसाचं नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही पोस्टमननं बघायचं. वेबसाइटचं नाव तसंच शेवटाकडून वाचायचं. ‘जीवनप्रमाण डॉट गव्ह डॉट इन’ याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’, आणि तो शेवट फक्त सरकारी खात्यांना मिळतो. ‘जीवनप्रमाण डॉट पेन्शनसेवा डॉट कॉम’ असं काही आलं, तर पुढं कितीही ओळखीचं नाव असू दे, गाव परकं आहे. ‘डॉट कॉम’च्या लगेच आधी जो बसलाय तो खरा मालक. नावात तिरकी रेघ आली, तर पहिल्या एकट्या तिरक्या रेघेपाशी थांबायचं आणि तिथून मागं वाचायचं.

कुलपाच्या चित्राबद्दल बँकेतल्या मुलानं तुम्हाला सांगितलं होतं, ‘कुलूप दिसलं की साइट सुरक्षित.’ अर्धंच खरं आहे ते. कुलूप नसलेली साइट म्हणजे पोस्टकार्ड, वाटेत कुणीही वाचावं. कुलूप असलेली म्हणजे डिंकानं बंद केलेलं पाकीट. पण बंद पाकीट भामट्याच्या घरीही पोचतंच की. वाटेत कुणी उघडणार नाही एवढीच हमी. घेणारा कसा आहे हे पाकीट सांगत नाही.

एका ठिकाणी मात्र तुमचा अनुभव उलटा पडतो, आणि तिथंच माणसं फसतात. मनीऑर्डर आली की सही केल्याशिवाय पैसे हातात पडायचे नाहीत. त्यामुळे ‘पैसे मिळवायला काहीतरी द्यावं लागतं’ हे आपल्या हाडात बसलंय. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला काहीच लागत नाही. पिन नाही, स्कॅन नाही, ओटीपी नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला आणि शिल्लक बघायला. ‘तुम्हाला परतावा पाठवतोय, पिन टाका’ असं कुणी म्हणालं की तो तुमच्याकडून घेतोय. ओटीपी म्हणजे एका वेळेपुरती सही. ती फोनवर वाचून दाखवणं म्हणजे कोऱ्या पावतीवर सही करून देणं. पासवर्डला जुना शब्द किती चांगला आहे, परवलीचा शब्द! छावणीतला पहारेकरी जो विचारायचा तो. पहारेकऱ्यानं विचारायचा असतो, रस्त्यावरच्या माणसानं नाही.

आई, शेजारच्या काकूंना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली आणि उघडल्यावर खातं रिकामं झालं, ते असं: ती पत्रिका नव्हती, एपीके होती. म्हणजे फोनमध्ये बसणारं ॲप. एकदा बसलं आणि परवानग्या दिल्या की ते मेसेज वाचतं, ओटीपीसुद्धा. ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्यायचं. सील न बघता बाबा बॅग ताब्यात घ्यायचे का? आणि ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात कुठंही नाही, व्हिडिओवर पोलिसाचा गणवेश दिसला तरी. काही झालंच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मग मला. जितक्या लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडण्याची शक्यता जास्त.

आता तुझा प्रश्न: ‘फोन भरलाय म्हणतो, मग नवा घेतला तर हळू चालणार नाही ना?’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टोरेज म्हणजे कोठीची खोली, रॅम म्हणजे ओटा. कोठी भरली की ‘जागा नाही’ येतं. ओट्यावर एका वेळी फार पातेली मांडली की काम रेंगाळतं. तुझी कोठी सुप्रभातच्या फुलांनी भरलीय. ती काढ.

पण चिनूचे फोटो काढताना थांब. क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे, गूगलच्या इमारतींमधले कॉम्प्युटर. तिथं तुला १५ जीबी जागा फुकट आहे, आणि त्यातच मेलही बसतात. फोटोंची प्रत तिथं गेली असेल, तर त्याला बॅकअप झाला म्हणतात. गंमत अशी की गूगल फोटोजमधून तू फोटो डिलीट केलास की तो फोनमधून आणि तिथूनही जातो, दोन्हीकडचा. फोनमधली जागा मोकळी करायचा वेगळा पर्याय आहे, तो मी पुढच्या रविवारी दाखवीन. गेल्या महिन्यात बारशाचे काढलेस ते ट्रॅशमध्ये असतील. बॅकअप झालेले तिथं ६० दिवस राहतात, अजून दिवस आहेत. तोवर काही दाबू नकोस.

बाबा, व्हॉट्सॲपवर एक खूण म्हणजे पत्र पेटीत पडलं, दोन म्हणजे पोचलं, निळ्या म्हणजे वाचलं. या पत्राला तसल्या खुणा येणार नाहीत. तेव्हा पन्नास पैशांचं कार्ड मिळालं तर त्यावर पोच लिहा, आणि हे पाकीट किती दिवसांनी आलं, शिक्का कुठला कुठला आहे, तेही लिहा. इथल्या पोस्टातल्या बाईंनी तीन दिवस सांगितलेत. मला चार वाटतात.

तुमची
धाकटी